कमानीवरचे नाव

तुळशीची लग्ने लागली, की महाराष्ट्रातील तालुक्या-जिल्ह्यांच्या गावांतून महोत्सवांचा हंगाम सुरू होतो, आणि तेथून चैत्रातील जत्रांपर्यंत असा आठवडा क्वचितच जातो, की ज्यात कोठे ना कोठे एखाद्या शाळेच्या पटांगणावर मांडव पडलेला नाही, भाड्याच्या खुर्च्यांच्या रांगा लागलेल्या नाहीत आणि प्रवेशद्वारीच्या कमानीवर, महोत्सवाच्या नावाहून ठळक अक्षरांत, एखाद्या सिमेंटच्या, सराफीच्या, घरबांधणीच्या किंवा शिक्षणसंस्थेच्या धन्याचे नाव झळकत नाही. त्या नावाकडे पाहून नाक मुरडण्याची आपल्या सुशिक्षित वर्गात एक चाल आहे; आणि नाक मुरडून झाल्यावर त्याच कमानीखालून आत जाऊन पुढच्या रांगेतील राखीव खुर्ची पकडण्याचीही आहे. प्रस्तुत लेखकाला या वादात सोवळे नेसून उतरण्याचा अधिकार मुळीच नाही, कारण ज्या अंकात हा मजकूर छापला जात आहे त्याच्या वाचकालाही या पानापर्यंत येण्यापूर्वी एखाद्या बँकेची, पेढीची आणि मसाल्याची जाहिरात ओलांडावी लागली असणार. काशिनाथ रघुनाथ मित्रांनी १९०९ साली ‘मनोरंजन’चा दिवाळी अंक काढून ज्या प्रथेचा पाया घातला, तिचा आजचा संसार जाहिरातदाराच्याच जिवावर चालतो, हे संपादक मंडळींपैकी कोणीही नाकारणार नाही. तेव्हा कलेने कंपनीचा पैसा घ्यावा की घेऊ नये, हा प्रश्न व्यवहाराने केव्हाच निकालात काढला आहे. उरतो तो वेगळाच प्रश्न, आणि तो असा, की या पैशाने नेमके काय विकत घेतले जाते आणि काय घेतले जाऊ शकत नाही.

हा प्रश्न अलीकडे अधिक निकडीचा झाला, याला कारण महोत्सवांच्या निमंत्रणपत्रिकांवर आलेले ‘सर्वसमावेशक’ हे विशेषण. जे आजवर मांडवाबाहेर राहिले, मग ते दृष्टिहीन असोत, कर्णबधिर असोत, चाकाच्या खुर्चीवर बसलेले असोत, भटक्या-विमुक्त जमातींतील कलावंत असोत, आदिवासी असोत की तृतीयपंथी असोत, त्यांना मंचावर आणि मंचासमोर सारख्याच सन्मानाने स्थान मिळेल, असे अभिवचन हे विशेषण देत असते. अभिवचन उदात्त आहे, आणि प्रायोजक कंपन्यांना ते मनापासून आवडते, यातही संशय नाही. परंतु अभिवचन पाळायचे तर त्याला खर्च लागतो, आणि तो खर्च कोणत्या खाती पडतो हे जमाखर्चाची वही उघडल्याखेरीज कळत नाही.

गेल्या हिवाळ्यात दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी, अशाच एका लोककला महोत्सवाचे दफ्तर संयोजन समितीच्या सौजन्याने मला पाहावयास मिळाले. गावाचे, समितीचे अथवा प्रायोजकाचे नाव घेण्याचे येथे प्रयोजन नाही, कारण हीच वही थोड्याफार फरकाने आणखी अनेक गावी सापडेल. जमेच्या बाजूस मुख्य प्रायोजक म्हणून एक बांधकाम कंपनी, सहप्रायोजक म्हणून एक पतसंस्था आणि एक सराफ, आणि त्याखाली गावातील व्यापाऱ्यांची पावतीपुस्तकावरची किरकोळ वर्गणी. खर्चाच्या बाजूस मांडव, मंच, ध्वनी, प्रकाश, एलईडी पडदा, कमान, फ्लेक्स, पाहुण्यांचा मुक्काम, शाल-श्रीफळ, सन्मानचिन्हे, कलावंतांची बिदागी, अशी बाब बाबीखाली शाईने मांडलेली. आणि सर्वांत शेवटी, पानाच्या तळाशी, ‘दिव्यांग सुविधा’ ही एकच ओळ, जिच्यासमोरचा आकडा शिसपेन्सिलीने लिहिलेला होता. जो आकडा केव्हाही खोडता यावा तो पेन्सिलीने लिहावा, हा चिटणिसांचा शिरस्ता असल्याचे त्यांनीच मला निर्मळपणे सांगितले.

महोत्सवाचा मंच जमिनीपासून चार फूट उंच होता. चाकाची खुर्ची सुरक्षितपणे वर जावी यासाठी एक फूट उंचीला निदान बारा फूट लांबीचा उतार हवा, असे इमारतींच्या सुगम्यतेविषयीचे सरकारी मानक आहे. म्हणजे चार फुटांच्या मंचाला अठ्ठेचाळीस फुटांचा उतार, शिवाय मध्ये विसाव्यासाठी सपाट जागा आणि दोन्ही बाजूंना कठडा. मांडववाल्याने आणली होती ती दहा फुटांची एक फळी. समितीतील एका निवृत्त शिक्षिकेने हे गणित त्याच्यापुढे मांडले, तेव्हा त्याने ते शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला, “बाई, अठ्ठेचाळीस फूट म्हणजे तुमच्या पहिल्या चार रांगा गेल्या. चौघंजणं खुर्ची उचलून वर नेतील की. दरवर्षी नेत्यात.” पहिल्या चार रांगा प्रायोजकांच्या पाहुण्यांसाठी राखीव होत्या, हे त्याला ठाऊक होते आणि बाईंनाही. अखेर भारुड गाणाऱ्या एका प्रौढ कलावंताला चौघा स्वयंसेवकांनी खुर्चीसकट उचलूनच मंचावर नेले. श्रोत्यांनी टाळ्या वाजवल्या, छायाचित्रे निघाली, आणि माणसाने माणसाला उचलून धरण्याच्या त्या दृश्यात अनेकांना समावेशकतेचा साक्षात्कारही झाला असावा. कार्यक्रमानंतर त्या गृहस्थांशी बोलत असता ते म्हणाले, “वर नेताना मला भीती वाटत नाही. उतरवताना वाटते. तोवर कार्यक्रम संपलेला असतो आणि उचलणारी माणसं जेवायला गेलेली असतात.”

दुसऱ्या रात्री कर्णबधिर श्रोत्यांसाठी सांकेतिक भाषेच्या दुभाषीची योजना होती. हे काम बुद्धीला आणि हातांना इतके थकवणारे असते, की जाणकार दुभाषी नेहमी जोडीने काम करतात आणि वीस-तीस मिनिटांनी एकमेकांची जागा घेतात. शिवाय भारुडासारखा रूपकांनी भरलेला मजकूर असेल तर संहिता आधी हाती पडावी लागते, अन्यथा विंचवाचा विंचूच राहतो आणि त्यातला अर्थ मंचावरच सांडतो. येथे जिल्ह्याच्या कर्णबधिर विद्यालयातील एकच तरुण शिक्षिका, हाती कोणतीही संहिता नसता, जवळजवळ तीन तास उभी होती. तिला दिलेली जागा मंचाच्या डाव्या कोपऱ्यात, प्रायोजकाच्या उभ्या फलकाला लागून होती, आणि त्या कोपऱ्यातील एकमेव दिवा फलकावर रोखलेला होता. तिच्या हातांवर प्रकाश नव्हता. विद्यालयाची मुले पहिला तासभर माना उंचावून पाहत राहिली आणि नंतर आपापसांत हातवारे करून स्वतःच्याच गप्पांत रमली.

येथे एखादा धनलोभी खलनायक शोधू गेल्यास तो सापडत नाही. बांधकाम कंपनीचा प्रतिनिधी म्हणून आलेला तरुण अत्यंत अदबशीर होता. त्याने स्वतः होऊन दुभाषी बाईंसाठी पाणी आणवले. परंतु रात्री दहाच्या आत त्याला मुख्य कचेरीकडे अहवाल धाडायचा होता आणि अहवालाचा नमुना ठरलेला होता: कमानीचे छायाचित्र, मंचाचे, प्रमुख पाहुण्यांचे, गर्दीचे. उताराला त्या नमुन्यात रकानाच नव्हता. फळीऐवजी अठ्ठेचाळीस फुटांचा उतार बांधला असता तरी तो अहवालात कोठे दाखवावा हे त्या बिचाऱ्याला सुचले नसते. आणि जे दाखवता येत नाही, त्यासाठी पुढल्या वर्षी मंजुरी मागता येत नाही. मला वाटते, साऱ्या प्रकरणाचे मर्म या रकान्यात आहे. तीन रात्री दिसण्यासाठी दिलेला पैसा दिसणाऱ्या वस्तूंवर खर्च होतो, हा त्याचा दोष नव्हे, धर्म आहे; आणि समावेशकतेचा खर्च जवळजवळ सगळाच न दिसणारा असतो.

कोणाला समाविष्ट करावे आणि कोणाच्या पैशाने, हा तंटा या भूमीला नवा नाही. पेशवाईत श्रावणमासी पर्वतीजवळच्या रमण्यात वाटल्या जाणाऱ्या दक्षिणेचा ओघ एकाच वर्णाच्या पदरात पडे. पुढे इंग्रज सरकारने ती आवरती घेत नेली, आणि १८४९ च्या सुमारास लोकहितवादींसह पुण्यातील सुधारकांनी असा अर्ज केला, की या रकमेचा काही अंश मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणाऱ्यांस, तो कोणत्याही जातीचा असो, पारितोषिकरूपाने द्यावा. त्या अर्जाने पुण्यात केवढा क्षोभ उसळला आणि अर्जदारांच्या रक्षणासाठी जोतीराव फुल्यांना कसे उभे राहावे लागले, हे त्या काळाच्या इतिहासात नमूद आहे. आश्रयाचा पैसा कोणाच्या दारी जावा हे ठरवणे म्हणजे समाजाची रचनाच ठरवणे होय, हे दोन्ही पक्षांना आपल्याहून अधिक स्वच्छ कळले होते.

पैशाच्या शुद्धाशुद्धतेचा मुद्दा मी मुद्दामच मागे ठेवला, कारण त्या मुद्द्यावर मुंबईकराने फार मोठ्याने बोलू नये. ज्या कलाशाळेने महाराष्ट्राच्या चित्रकारांच्या पिढ्यान्‌पिढ्या घडवल्या ती १८५७ साली सर जमशेटजी जीजीभाईंच्या एक लक्ष रुपयांच्या देणगीतून उभी राहिली, आणि जमशेटजींच्या संपत्तीत चीनशी चाललेल्या अफूच्या व्यापाराचा वाटा मोठा होता. काळा घोडा भागातील डेव्हिड ससून वाचनालय ज्या घराण्याच्या नावाने ओळखले जाते त्याच्या वैभवाची कथाही फारशी निराळी नाही. आज त्याच भागात १९९९ पासून दरवर्षी काळा घोडा महोत्सव भरतो, प्रवेश सर्वांना विनामूल्य असतो, आणि प्रायोजकांच्या नामावळीकडे पाहून अफूची आठवण कोणालाही होत नाही. शंभर-दीडशे वर्षांनी धनाचा वास जातो आणि इमारत उरते. मात्र जुना दाता आणि आजचा प्रायोजक यांत एक भेद आहे: जमशेटजींनी शाळा दिली, तीत कोण काय शिकेल याची छायाचित्रे मागवली नाहीत. त्यांना हवी होती ती चिरस्मृती. आजच्या जाहिरात खात्याला हवा असतो तो चालू तिमाहीतला लोकांचा कटाक्ष. स्मृतीला घाई नसते, त्यामुळे स्मृतीसाठी दिलेला पैसा पाया घालण्यात जिरू शकतो.

उद्योजकाच्या पैशाने आपले मूळ प्रयोजन विसरून जावे आणि त्या विसरण्यातून समाजाचे कल्याण व्हावे, असा एक सुखद अपघात मराठीत घडलेला आहे. किर्लोस्करवाडीच्या कारखान्याने १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ या नावाने आपल्या मालाची वार्ता देणारे पत्रक काढले. शंकरराव किर्लोस्करांच्या हाती त्याचे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले, १९३० त ‘स्त्री’ निघाले, आणि नांगराच्या जाहिरातीसाठी आरंभलेल्या उद्योगातून विधवाविवाह, स्त्रीशिक्षण आणि अस्पृश्यतानिवारण यांवर बोलणारे व्यासपीठ उभे राहिले. नांगर खपले ते खपलेच. पण संपादकाला दिलेली मोकळीक आणि महिन्यामागून महिने चाललेले सातत्य, या दोहोंखेरीज ते व्यासपीठ उभे राहिले नसते.

सातत्याचे आणखी एक उदाहरण द्यावयाचे तर ते महाराष्ट्राबाहेरचे, परंतु मराठी गवयांशी निकटचा संबंध असलेले आहे. सिगारेटचा व्यापार करणाऱ्या आयटीसी कंपनीने १९७१ त संगीत संमेलन सुरू केले आणि काही वर्षांतच तिच्या ध्यानात आले असावे, की संमेलनाने गवई दिसतो, घडत नाही. म्हणून १९७७ साली कलकत्त्यात संगीत संशोधन अकादमी स्थापन झाली, जिच्या आवारात गुरू राहतात, शिष्य राहतात, आणि दोघांच्याही योगक्षेमाची तरतूद वर्षाचे बारा महिने केलेली असते. कोल्हापूरकडच्या निवृत्तीबुवा सरनाईकांनी तेथे विद्या दिली. उल्हास कशाळकर १९९३ पासून तेथे गुरुपदी राहिले. निसार हुसेन खाँसाहेबांच्या मागे पोरवयात आलेला राशिद खान तेथूनच जगापुढे आला. तंबाखूच्या प्रायोजकत्वावर २००३ च्या कायद्याने बंदी आली, आणि ती योग्यच आली. तरीही मला पडलेले कोडे सुटत नाही, की स्वच्छ धंद्याच्या कितीतरी कंपन्या तीन रात्रींच्या रोषणाईवर समाधान मानत असता, गुरूच्या घरभाड्याची आणि शिष्याच्या दोन वेळच्या जेवणाची चिंता सिगारेटवाल्यांनी का वाहावी.

नावाच्या मोबदल्यात प्रायोजक प्रत्यक्षात किती मोजतो, याविषयीही आपल्या भाबड्या कल्पना असतात. लंडनच्या टेट या कलासंग्रहालयाला बीपी ही तेल कंपनी वर्षानुवर्षे साहाय्य करीत होती, आणि रक्कम किती हे संग्रहालय सांगत नव्हते. माहितीच्या अधिकाराखाली दीर्घकाळ झगडा चालल्यावर २०१५ साली जो आकडा बाहेर आला तो १९९० ते २००६ या सतरा वर्षांत मिळून अडतीस लाख पौंड, म्हणजे वर्षास सरासरी सव्वादोन लाखांच्या आसपास. संग्रहालयाच्या अवाढव्य खर्चाच्या मानाने ही रक्कम पाहून अनेकांना नवल वाटले. इतक्या स्वस्तात इतके मोठे नाव! दोन वर्षांनी तो करार संपुष्टात आला. आपल्याकडील समित्यांनी हे उदाहरण घासाघीस करताना जरूर स्मरावे.

आता कायद्याकडे वळू, कारण रकाने जसे अहवालात असतात तसे कायद्यातही असतात. २०१३ च्या कंपनी कायद्याचे १३५ वे कलम १ एप्रिल २०१४ पासून अमलात आले, आणि पाचशे कोटींची निव्वळ मालमत्ता, हजार कोटींची उलाढाल अथवा पाच कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी एका तरी कसोटीला उतरणाऱ्या कंपनीवर मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे दोन टक्के सामाजिक कामावर खर्चण्याचे दायित्व आले. सातव्या परिशिष्टात वारसा, कला, संस्कृती आणि पारंपरिक कलांचा विकास यांचा स्पष्ट उल्लेख आहे. हे वाचून कलाक्षेत्रात मोठा हर्ष झाला होता. परंतु जानेवारी २०२१ च्या सुधारित नियमांनी असे बजावले, की आपल्या मालाच्या विक्रीस हातभार लागावा म्हणून जे प्रायोजकत्व दिले जाते ते या दायित्वात धरले जाणार नाही. तत्त्व म्हणून हे निर्दोष आहे. धर्मादाय आणि जाहिरात एका पावतीवर नसावी. व्यवहारात मात्र कंपनीच्या वाड्याला दोन दरवाजे झाले. एका दरवाजात जाहिरात खाते बसते, ते कमान मागते. दुसऱ्या दरवाजात सामाजिक दायित्वाचे खाते बसते, ते कमान मागत नाही, पण कागद मागते: नोंदणीकृत न्यास अथवा संस्था हवी, आयकर खात्याची १२अ आणि ८०ग ही दोन्ही प्रमाणपत्रे हवीत, तत्सम कामाचा तीन वर्षांचा अनुभव हवा, केंद्र सरकारकडे नोंद हवी. ज्या डोंबारी, गोंधळी, पोतराज, वासुदेव मंडळींना समाविष्ट करण्याचा संकल्प पत्रिकेवर सोडलेला असतो त्यांच्यातल्या कितीजणांपाशी साधा जातीचा दाखला धड आहे, हे समाजकल्याण खात्याच्या खिडकीवर एक सकाळ उभे राहिल्यास कळते. त्यांचा फड ८०ग घेऊन येईल अशी अपेक्षा करणे हा क्रूर विनोद होय. म्हणजे जे कागदवाले आहेत ते दुसऱ्या दरवाजाने आत जातात, आणि उरलेल्यांना कमानीच्या दरवाजाशी रांग लावावी लागते.

त्यातही हिशेबनिसांची एक भीती असते. धर्मादाय न्यासाने जाहिरातीच्या मोबदल्यात घेतलेली रक्कम धंद्याची प्राप्ती समजली जाऊ शकते, आणि कलेसारख्या सार्वजनिक उपयुक्ततेच्या हेतूने चाललेल्या संस्थेची अशी प्राप्ती एकूण जमेच्या वीस टक्क्यांवर गेली तर करमाफीच धोक्यात येते. चिटणीस या कात्रीत सापडला, की तो काय करतो? मुकाट्याने गावातील व्यापाऱ्यांकडे वळतो, आणि व्यापारी वर्गणी देतात ती सत्यनारायणाला देतात त्याच भावनेने. उताराची लांबी तेथेही निघत नाही.

उलट बाजूने, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचे २९ वे कलम उघडून पाहावे. सांस्कृतिक जीवनात सहभागी होण्याचा हक्क त्यात आहे. दिव्यांग कलावंतांना आणि लेखकांना सुविधा, साहाय्य आणि प्रायोजकत्व मिळावे, कला त्यांना सुगम व्हावी, असेही त्यात आहे. हे कर्तव्य सरकार आणि स्थानिक संस्था यांचे म्हणून सांगितले आहे. नगरपालिकेचे नाट्यगृह त्याच कायद्याखाली येते आणि त्याच्या रंगमंचाला बहुधा पायऱ्याच असतात.

कंपन्यांच्या पैशावर रुष्ट झालेले काही सज्जन लोकाश्रयाच्या जुन्या दिवसांचे जे गोडवे गातात, तेही तपासून घ्यावयास हवेत. जुन्नर तालुक्यातील नारायणगावी दरवर्षी तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावचे पंच, जत्रा समित्यांचे कारभारी तेथे येतात, फड पाहतात, बोलाचाली होते, सुपारी ठरते, आणि कोणत्या रात्री कोणत्या गावी कोणाची बारी हे कागदावर उतरते. घरटी पट्टी काढून जमवलेला हा पैसा हेच खरे लोकांचे प्रायोजकत्व, आणि त्यात कमानीला वाव नाही. पण फडमालकाने हंगामापूर्वी सावकाराकडून उचललेले कर्ज, त्यातून कलावंतांना दिलेली उचल आणि ती फेडण्यासाठी दसऱ्यापासून वैशाखापर्यंत पायाला बांधलेली भिंगरी, हाही त्याच लोकाश्रयाचा हिशेब आहे. ज्या महार, मांग, कोल्हाटी कलावंतांनी गावाला रात्रभर हसवले-रडवले त्यांची बिऱ्हाडे गावाबाहेरच पडत. लोकांनी कलेला आश्रय दिला, कलावंताला ओसरी दिली नाही. एवढे मात्र खरे, की या व्यवस्थेत कलावंताला निदान सात महिन्यांचे काम मिळत असे, आणि महोत्सवात त्याच कलावंताला वीस मिनिटे मिळतात. एका वयोवृद्ध ढोलकीवाद्याने मला विचारले होते, की वीस मिनिटांत गण उरकायचा, की गवळण, की नुसतेच नमस्कार करून शाल घ्यायची?

विद्रोही साहित्य संमेलनाने १९९९ त धारावीत बाबुराव बागुलांच्या अध्यक्षतेखाली पहिला मांडव घातला तेव्हापासून मूठभर धान्य आणि एक रुपया या मार्गाने आपला खर्च भागवण्याचा बाणा धरला आहे; चेन्नईत बेझंटनगरलगतच्या ऊरूर-ऑल्कॉट कुप्पम या कोळीवाड्यात नित्यानंद जयरामन, टी. एम. कृष्णा आणि त्यांचे सहकारी यांनी २०१५ पासून स्वयंसेवकांच्या श्रमांवर जो महोत्सव भरवला त्याचाही बाणा तोच. या दोहोंविषयी मला आदर वाटतो. पण ज्या गावात असा चळवळीचा कणा नाही तेथे बाण्याचे रूपांतर लवकरच अभावात होते, आणि अभावाचा पहिला बळी पुन्हा तीच पेन्सिलीची ओळ ठरते.

मोठ्या पैशाने काय साधू शकते, याचे उदाहरण गोव्यात पाहावे. सुनीलकांत मुंजाल यांच्या पुढाकाराने २०१६ पासून दर डिसेंबरात पणजीत सेरेंडिपिटी कला महोत्सव भरतो. मांडवीकाठची जुनी वैद्यक महाविद्यालयाची इमारत, आदिलशहाचा राजवाडा अशा वास्तू त्या दिवसांत दालने होतात, प्रवेशाला मूल्य नसते, आणि स्पर्शाने पाहावयाच्या प्रतिकृती, ब्रेल, सांकेतिक भाषा यांची योजना तेथे प्रदर्शनाच्या आखणीतच धरलेली असते. आखणीतच धरल्यामुळे ती स्वस्त पडते आणि टिकते, हे महत्त्वाचे. परंतु १८९२ पासून चालत आलेला तियात्र हा कोंकणी नाट्यप्रकार त्याच गोव्यात तिकिटाच्या खिडकीवर जगतो. त्याचा प्रेक्षक घरकाम करणारा, बोटीवर जाणारा, बाजारात मासळी विकणारा आहे, आणि आपल्याला कोणी ‘समाविष्ट’ करावे अशी त्याची मुळीच अपेक्षा नाही. तो खर्च करून येतो आणि प्रयोग आवडला नाही तर तसे तोंडावर सांगतो. विनामूल्य महोत्सवात हा हक्क कोणालाच नसतो. तेथे सगळेच पाहुणे असतात. हे विनामूल्यतेचे एक न बोललेले मूल्य आहे.

आनंदवनाच्या ‘स्वरानंदवन’ वाद्यवृंदाचा प्रयोग ज्यांनी पाहिला असेल, त्यांना समावेशकता कशी दिसते हे वेगळे सांगावयास नको. डॉ. विकास आमटे यांच्या प्रेरणेने उभ्या राहिलेल्या या वृंदात दृष्टिहीन गातात, कर्णबधिर नाचतात, कुष्ठमुक्त साथ करतात. कर्णबधिर मुले तालावर नाचू शकतात, कारण त्यामागे कोणीतरी महिनोन्‌महिने बसून खुणांची एक पद्धत बसवलेली असते. प्रेक्षागृहात टाळ्या पडतात त्या नाचाला. पैसा लागलेला असतो तो खुणा बसवण्याच्या त्या महिन्यांना, तालमीच्या जागेला, प्रवासाच्या गाडीला आणि मुक्कामी सोबत राहणाऱ्या मदतनिसाला.

त्या दक्षिणेकडच्या समितीने यंदा एक प्रयोग केला. प्रायोजकाकडे जाताना चिटणिसांनी नेहमीचा ‘मुख्य’, ‘सह’ आणि ‘सौजन्य’ असा दरांचा तक्ता नेला नाही; निवृत्त शिक्षिकाबाईंनी केलेला बाबवार तक्ता नेला, ज्यात दोन दुभाषी आणि त्यांच्या तालमीचे दिवस, संहितेचे टंकलेखन, मंचाची उंची दोन फुटांवर आणणे, त्यामुळे चोवीस फुटांवर आलेला उतार, गोंधळी मंडळींच्या बिऱ्हाडाची तीन महिन्यांची सोय, अशा बाबी शाईने लिहिलेल्या होत्या, आणि प्रत्येक बाबीसमोर ‘नाव कोठे येईल’ हा रकाना होता. उताराच्या कठड्यावर पितळी पट्टी बसेल, असे त्यात लिहिले होते. बांधकाम कंपनीने दुभाषींची बाब उचलली, कारण मंचावर त्या दिसतात. सराफाने शाली-श्रीफळांपलीकडे जाण्यास नम्रपणे नकार दिला. पतसंस्थेच्या अध्यक्षांनी, ज्यांच्या मातोश्री गेली काही वर्षे चाकाच्या खुर्चीवर आहेत, एक वेगळीच सूचना केली: दरवर्षी फळ्यांचा उतार बांधून मोडण्यापेक्षा नगरपालिकेच्या नाट्यगृहालाच पक्का काँक्रीटचा उतार बांधावा, खर्च संस्था देईल, आणि महोत्सव पटांगणाऐवजी तेथे भरवावा. ठराव झाला, संस्थेच्या सर्वसाधारण सभेने मंजुरी दिली, रक्कम वेगळी काढून ठेवली. वास्तू नगरपालिकेची असल्याने तांत्रिक मान्यता लागते. त्यासाठी नकाशा, अंदाजपत्रक आणि मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज असे तीन प्रतींत सादर झाले आहे. प्रकरण सध्या बांधकाम विभागात असून, खाजगी संस्थेचे नाव पालिकेच्या वास्तूवर पितळी पट्टीत लावता येईल काय, याविषयी विधी सल्लागारांचा अभिप्राय मागवण्यात आला आहे. तो येईपर्यंत समितीने मांडववाल्याला चोवीस फुटांच्या फळ्यांची आगाऊ रक्कम देऊन ठेवली आहे.